टेनिसचे शब्द : रॅकेट घेण्यापूर्वी आणि गटिंगला देण्यापूर्वी

आमच्याकडे रॅकेट घेण्यासाठी किंवा जुन्या रॅकेटला गटिंग, म्हणजे तारांची नवी जाळी, करून घेण्यासाठी येणाऱ्या ग्राहकांपैकी पुष्कळांची टेनिसशी नव्यानेच ओळख झालेली असते. कोणी मुलाला सुट्टीत क्लास लावलेला असतो, तर कोणी चाळिशीनंतर सोसायटीच्या कोर्टवर स्वतःच खेळू लागलेले असते. खेळ डोळ्यांना कळतो, परंतु त्यातले शब्द कोणी बसून समजावलेले नसतात, आणि शब्द चुकला की वस्तूही चुकीची हातात पडते. म्हणून काउंटरवर आम्हाला वारंवार विचारले जाणारे शब्द या पत्रकात उलगडून सांगितले आहेत.

गुण कसे वाचावेत

शून्य गुणांना ‘लव्ह’ म्हणतात. त्यापुढे १५, ३०, ४० आणि मग गेम असा क्रम असतो. गुण पुकारताना सर्व्हिस करणाऱ्याचा आकडा नेहमी आधी येतो. त्यामुळे ‘१५–४०’ कानावर पडले, तर सर्व्हिस करणाराच अडचणीत आहे हे ओळखावे. दोघेही ४० वर आले की ‘ड्यूस’ होतो. हा शब्द ‘दोन’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे, आणि नियमही तोच सांगतो : येथून पुढे सलग दोन गुण घेतल्याखेरीज गेम मिळत नाही. त्यांपैकी पहिला गुण घेणाऱ्याकडे ‘ॲडव्हांटेज’ जाते, आणि दुसरा हुकला तर पुन्हा ड्यूस होतो. वेळ वाचवण्यासाठी काही स्पर्धा ‘नो-ॲड’ पद्धतीने घेतात. तेथे ड्यूसनंतरचा एकच गुण निर्णायक ठरतो.

सहा गेम आणि किमान दोन गेमची आघाडी मिळाली की सेट पूर्ण होतो. ६–६ अशी बरोबरी झाल्यास टायब्रेक खेळतात. त्यात साधे एक, दोन, तीन असे गुण मोजतात आणि दोनच्या फरकाने आधी सात गाठणारा सेट जिंकतो. वर्तमानपत्रातील निकालात ७–६ पुढे कंसात एक आकडा असतो, आणि त्याचा अर्थ आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो. तो आकडा टायब्रेक हरणाऱ्याचे गुण दाखवतो. बालेवाडीत २०१९ साली झालेल्या महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यात केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला ७–६ (४), ६–७ (२), ७–६ (५) असे हरवले. यावरून तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि पहिला टायब्रेक ७–४ असा सुटला, हे सामना न पाहताही कळते.

दुहेरीत अनेकदा तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा मोठा टायब्रेक खेळवतात. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक २–६, ६–३, १०–४ असे जिंकले. त्यातील शेवटचा आकडा या टायब्रेकचा आहे. पहिला सेट तसा एकतर्फी गमावूनही त्या दोघांनी सामना फिरवला, हे या तीन जोड्यांतून किती स्पष्ट दिसते पाहा.

सर्व्हिस, आणि ‘लेट’ म्हणजे काय

प्रत्येक गुणाच्या आरंभी सर्व्हिससाठी दोन संधी असतात. पहिली चुकली तर ‘फॉल्ट’ होतो, आणि दोन्ही चुकल्या तर ‘डबल फॉल्ट’ होऊन गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. चेंडू मारण्याआधी पाय मागच्या रेषेला लागल्यास तो ‘फूट फॉल्ट’. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागलीच नाही, अशी नेमकी सर्व्हिस म्हणजे ‘एस’. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकणे म्हणजे ‘ब्रेक’.

‘लेट’ हा शब्द मात्र मराठी कानाला फसवतो. सर्व्हिसला उशीर झाला असेल असे वाटून पालक घड्याळाकडे पाहतात, तर काही मुले ‘नेट’ असाच उच्चार धरून चालतात. हा जुन्या इंग्रजीतील ‘अडथळा’ या अर्थाचा शब्द आहे. सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून योग्य चौकोनात पडला तर अडथळा आला असे मानून तीच सर्व्हिस पुन्हा करतात; जाळीला घासून बाहेर पडला तर तो फॉल्टच. शेजारच्या कोर्टवरचा चेंडू घरंगळत आला तरीही लेट देतात आणि गुण पुन्हा खेळतात. खेळ सुरू झाल्यानंतर चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला, तर मात्र लेट नसतो आणि खेळ तसाच चालू राहतो.

कोर्टची लांबी २३.७७ मीटर असते. एकेरीसाठी रुंदी ८.२३ मीटर आणि दुहेरीसाठी कडेच्या अरुंद पट्ट्या धरून १०.९७ मीटर. चेंडू रेषेला निसटता जरी लागला तरी तो आत धरतात.

गटिंग, ताण आणि ‘चोवीस’चा घोळ

रॅकेटला जाळी बसवण्याच्या कामाला आपल्याकडे गटिंग म्हणतात, कारण पूर्वी ही तार जनावरांच्या आतड्यापासून बनवत असत. गाईच्या आतड्याची तार आजही मिळते; ती मऊ आणि जिवंत लागते, पण महाग असते आणि पावसाळी दमटपणात लवकर खराब होते. बहुतेक ग्राहकांसाठी नायलॉनची किंवा अनेक बारीक तंतूंची मल्टिफिलामेंट तार योग्य ठरते. पॉलिएस्टरची तार कडक असते. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्टेनने अशा तारेने फ्रेंच ओपन जिंकल्यापासून व्यावसायिक खेळाडूंत तिचा प्रसार झाला, कारण जोरदार टॉपस्पिन मारणाऱ्याला, म्हणजे रॅकेट खालून वर घासत नेऊन चेंडूला पुढे फिरवणाऱ्याला, ती उत्तम साथ देते. परंतु दिवसाआड तासभर खेळणाऱ्याच्या कोपराला ती जाचते, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि मागितली तरी आम्ही एकदा विचार करायला सांगतो.

उभ्या तारांना ‘मेन’ आणि आडव्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. चौकटीवर १६×१९ असे छापलेले असते, त्याचा अर्थ सोळा उभ्या आणि एकोणीस आडव्या तारा. ताण कमी ठेवला तर चेंडू अधिक जोराने जातो, आणि वाढवला तर तो अधिक ताब्यात राहतो. मुलाचे फटके कमी पडतात म्हणून ‘जाळी घट्ट करून द्या’ असे सांगणारे पालक पुष्कळदा भेटतात. त्यांना खरे तर थोडी सैल जाळी हवी असते.

ताण पाउंडात सांगतात आणि किलोतही. एक गृहस्थ वर्षानुवर्षे बॅडमिंटन खेळून टेनिसकडे वळले आणि त्यांनी नेहमीच्या सवयीने ‘चोवीस ठेवा’ म्हणून रॅकेट दिली. त्यांच्या मनात चोवीस पाउंड होते. आम्ही टेनिसच्या हिशेबाने चोवीस किलो, म्हणजे सुमारे त्रेपन्न पाउंड समजलो. रॅकेटला तोच ताण योग्य होता, म्हणून नुकसान झाले नाही, पण तेव्हापासून पावतीवर आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय आम्ही रॅकेट ठेवून घेत नाही. चौकटीवर कंपनीने ताणाची मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ५० ते ६० पाउंड. नवख्या खेळाडूने तिच्या खालच्या टोकाशी राहावे.

एक तार तुटली तर बाकीच्या तशाच ठेवू नयेत, कारण चौकटीवर एकाच बाजूने ओढ पडून ती वाकू शकते. मध्यापासून बाहेरच्या दिशेने उरलेल्या तारा कापून टाकाव्यात, किंवा रॅकेट लगेच आमच्याकडे आणावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत रॅकेट ठेवू नये. त्या उष्णतेने तारेचा ताण उतरतो.

मुलांची रॅकेट

प्रौढांची रॅकेट साधारण २७ इंच लांब असते, आणि मुलांसाठी १९, २१, २३, २५ व २६ इंचांच्या मिळतात. वाढत्या अंगाचा शर्ट घेतात तशी वाढत्या अंगाची रॅकेट घेऊ नये, ही आमची पालकांना कळकळीची विनंती आहे. जड रॅकेट सावरताना मनगट वळते, आणि एकदा बसलेली ती सवय सोडवताना प्रशिक्षकाचे महिने जातात. चेंडूंचेही तसेच आहे : लाल, नारंगी आणि हिरवे चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा अनुक्रमे सुमारे ७५, ५० आणि २५ टक्के संथ असतात, आणि जगभरात दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत २०१२ पासून हेच चेंडू वापरले जातात.

मूठ किती जाड हवी, हे मोजायला मोठ्यांनी रॅकेट नेहमीप्रमाणे धरून बोटांची टोके आणि तळवा यांच्यामधील फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालून पाहावी. ती अलगद बसली तर मूठ योग्य. फटच उरली नाही तर मूठ बारीक आहे, आणि त्यावर ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची जादा पट्टी, गुंडाळून काम भागते. फट बोटाहून मोठी असेल तर मात्र रॅकेट बदलावी लागते, म्हणून शंका असल्यास नेहमी बारीक मूठ निवडावी.

गटिंगला रॅकेट देताना तारेचा प्रकार, ताणाचा आकडा, त्याचे एकक आणि आठवड्यात किती दिवस खेळता, एवढे एका चिठ्ठीवर लिहून आणावे. आकडा माहीत नसल्यास तो रकाना कोरा ठेवावा. रॅकेट पाहून आणि आपल्याशी बोलून आम्ही तो भरू.