तांबेकर वाड्याजवळ जुनं दुकान आहे? दुरुस्तीआधी ही परवानगी घ्या

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या जुन्या दुकानाची तुळई कुजली की आपण थेट सुतार गाठतो. दुकान तांबेकर वाड्याजवळ असेल तर आधी अंतर मोजा. बडोद्याचे दिवाण विठ्ठल खंडेराव तांबेकर यांचा हा वाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. त्याच्या संरक्षित हद्दीपासून चहूबाजूंनी १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, जुनं पाडून पुन्हा बांधायलाही वाट नाही. दुरुस्ती व नूतनीकरण करता येतं, पण इमारत १६ जून १९९२ पूर्वीची किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली हवी. अर्ज मालकानेच करायचा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गल्ल्यावर भाडेकरू बसतो आणि मालक परगावी असतो, तेव्हा मालकाला आधी राजी करा. विनियमित क्षेत्रात मात्र ताबेदारालाही अर्ज करता येतो आणि नव्या बांधकामालाही परवानगी मिळू शकते.

मालकीचा दस्त, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, स्मारकापासूनचं अंतर दाखवणारा नकाशा, इमारतीचे नकाशे आणि चारही बाजूंचे फोटो तयार ठेवा. खरी दमछाक १९९२ पूर्वीच्या पुराव्यासाठी होते. जुनं वेराबिल (घरपट्टीचं बिल), वीजबिल, गुमास्ताधाऱ्याचा (दुकान नोंदणीचा) दाखला, जे मिळेल ते ट्रंकेतून काढा.

अर्जात कामाचं वर्णन नेमकं लिहा. ‘दुकानाचं काम’ एवढंच लिहू नका. ‘दोन कुजलेल्या तुळया त्याच मापाच्या सागवानी तुळयांनी बदलणे, कोरीव कठडा आहे तसा ठेवणे’ असं लिहा. तो कठडा उतरवून शटर बसवलं तर रावपुऱ्याचा चेहराच जातो, आणि तो परत आणता येत नाही.

अर्ज या परवानगीसाठी नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन. ते १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतात, प्राधिकरण दोन महिन्यांत शिफारस देतं आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय होतो. म्हणजे पावसाआधी छप्पर नीट व्हायला हवं असेल तर दिवाळीनंतर लगेच कागद हलवा. परवानगीविना बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महापालिकेची परवानगी लागणारं काम असेल तर ती वेगळी काढावी लागते.