एकाच भांड्यात दोन-तीन उत्प्रेरक: नमुना पाठवण्याआधी वाचा

"आमची तीन टप्प्यांची प्रक्रिया एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये बसवून द्या," ही आमच्याकडे सर्वाधिक येणारी मागणी. काही प्रक्रिया बसतात, काही बसवू नयेत. ते कशावरून ठरते, हे सांगण्यासाठी हे पत्रक.

फायदा कशात आहे?

दर टप्प्यानंतर मिश्रण शमवायचे, धुवायचे, सॉल्व्हंट उडवायचा, स्फटिक काढायचे आणि पुन्हा नव्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचे, यात वेळ जातो आणि मालही जातो. प्रत्येक टप्प्याचा उतारा (प्रत्यक्ष हाती येणारा माल) ८५ टक्के धरला, तरी तिसऱ्या टप्प्याअखेर हातात ६१ टक्केच उरतात. कचऱ्याचा हिशेब याहून बोलका आहे. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार औषधनिर्मितीत एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त कचरा निघतो, आणि त्यात सॉल्व्हंटचा वाटा मोठा असतो.

पण खरा फायदा वेगळाच आहे. दोन उत्प्रेरक एकाच वेळी काम करू लागले की, एकेकट्याला न जमणारी गोष्ट होते. एक उदाहरण सविस्तर पाहू.

१-फिनाइलइथेनॉलसारख्या अल्कोहोलचे डावे-उजवे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे, असे दोन प्रकार असतात आणि मिश्रणात ते निम्मे-निम्मे असतात. लायपेज हे एन्झाइम त्यातला एकच प्रकार निवडून त्याचा एस्टर करते. उरलेला निम्मा माल वाया जातो, म्हणून उतारा ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. स्वीडनमधील बेकवाल यांच्या गटाने १९९७ मध्ये त्याच भांड्यात रुथेनियमचा उत्प्रेरक घातला. तो अल्कोहोलवरचा हायड्रोजन काढतो आणि परत बसवतो. त्यामुळे उरलेला नको असलेला प्रकार पुन्हा निम्मा-निम्मा होतो, लायपेजला हवा तो प्रकार मिळत राहतो आणि मर्यादा थेट १०० टक्क्यांवर जाते.

वाचायला सोपे वाटते. मेख होती तिसऱ्याच रसायनात. एस्टर करताना अल्कोहोलला जोडायचा अ‍ॅसिटिल गट देण्यासाठी लायपेजसोबत नेहमी वापरला जाणारा व्हिनाइल अ‍ॅसिटेट इथे चालत नाही, कारण त्यातून अ‍ॅसिटाल्डिहाइड सुटते आणि ते रुथेनियमच्या हायड्रोजनच्या देवघेवीत अडथळा आणते. म्हणून ४-क्लोरोफिनाइल अ‍ॅसिटेट निवडावा लागला. शिवाय हे रुथेनियम संयुग तापवल्यावरच जागे होते. सुमारे ७० अंश सेल्सिअसला टिकणारे, आधारावर बसवलेले लायपेज उपलब्ध होते म्हणून जोडी जमली. आमचाही बहुतेक वेळ अशाच तपशिलात जातो, उत्प्रेरक शोधण्यात नाही.

उत्प्रेरकांचे पटत नसेल तर

भांडणे ठरावीक असतात: एकाला आम्ल हवे तर दुसऱ्याला अल्कली, धातू एन्झाइमला मारतो, किंवा एन्झाइममधले गंधकाचे गट धातूला जखडून टाकतात. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय, भांडे एक पण काम पाळीपाळीने. पहिला टप्पा संपू द्यायचा, तापमान किंवा पीएच बदलायचा, मग दुसरा उत्प्रेरक घालायचा. यात नवलाई नाही, पण आम्ही सुरुवात इथूनच करतो. बहुतेकांचे काम एवढ्यावर भागते.

दुसरा उपाय, मध्ये भिंत. जर्मनीतील ग्रोगर यांच्या गटाने २०१५ मध्ये स्टायरीनपासून अ‍ॅसिटोफिनोन आणि त्यापासून १-फिनाइलइथेनॉल अशी साखळी केली. पहिल्या टप्प्याला पॅलेडियम आणि तांब्याचे क्षार लागतात, आणि तांबे दुसऱ्या टप्प्याच्या एन्झाइमला बंद पाडते. त्यांनी धातू सिलिकॉन रबराच्या कप्प्यात ठेवले. तयार झालेला अ‍ॅसिटोफिनोन त्या भिंतीतून बाहेर झिरपतो, धातूचे क्षार आतच राहतात. तत्त्व चोख आहे, पण मोठ्या बॅचमध्ये भिंतीचे क्षेत्रफळ आकारमानाच्या मानाने कमी पडते, हे आधीच लक्षात घ्या.

सगळेच उत्प्रेरक एन्झाइम असतील तर काम बरेच सोपे होते, कारण पाणी आणि सौम्य तापमान सगळ्यांनाच मानवते. २०१९ मध्ये मर्क कंपनीने इस्लाट्राव्हिर हे एचआयव्हीविरोधी संयुग नऊ एन्झाइमे वापरून, मधले पदार्थ वेगळे न काढता बनवले. एकूण उतारा ५१ टक्के होता. मात्र त्यातली पाच एन्झाइमे त्यासाठी मुद्दाम बदलून घ्यावी लागली होती. तेवढी तयारी प्रत्येक मालाला परवडत नाही.

आम्ही नको म्हणू, तेव्हा

मधला पदार्थ स्फटिक करून शुद्ध होत असेल, तर तो टप्पा सोडू नका. एकत्र भांड्यात पहिल्या टप्प्याची अशुद्धता शेवटपर्यंत सोबत येते आणि तिथे ती काढणे महाग पडते. दोन मौल्यवान धातू एकत्र मिसळणार असतील, तर ते परत वेगळे काढण्याचा खर्चही आधी मांडून पाहा.

आम्हाला काय हवे?

प्रत्येक टप्प्याचे तापमान, सॉल्व्हंट, पीएच, उत्प्रेरकाचे प्रमाण आणि जास्तीचे घातलेले अभिकर्मक यांची नोंद पाठवा. पहिल्या चाचणीत आम्ही प्रत्येक उत्प्रेरक आधी एकटा चालवतो, मग दुसऱ्याच्या सान्निध्यात आणि शेवटी दुसऱ्याच्या उपपदार्थांच्या सान्निध्यात. वेग कुठे पडतो ते यातून लगेच कळते.

नमुना तुमच्या नेहमीच्या पुरवठ्यातलाच हवा, मुद्दाम मागवलेला अतिशुद्ध नको. गंधकाचा किंचित अंशही पॅलेडियमला निकामी करतो, आणि शुद्ध नमुन्यावर झकास चाललेली साखळी मग तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये पहिल्याच बॅचला अडकते.