गाडीच्या आतले मंद दिवे: रिले नेमका कशासाठी?

रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने दुसरा प्रवाह चालू-बंद करणारं विजेचं बटण. त्याचं काळं प्लास्टिकचं टोपण चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटलं की आतली सगळी यंत्रणा समोर येते. बोटाच्या पेराएवढ्या रिळावर बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, वर लोखंडाची एक पट्टी, ती मागे ओढून धरणारी स्प्रिंग आणि पट्टीच्या टोकाला चांदीमिश्रित धातूचा ठिपका. वेढ्यांतून प्रवाह गेला की रीळ चुंबक बनतं, पट्टी खाली येते, ठिपका समोरच्या ठिपक्याला टेकतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. वेढ्यांची वाट आणि ठिपक्यांची वाट कुठेही एकमेकींना जोडलेली नसते. त्यांच्यामधला दुवा फक्त चुंबकत्वाचा.

गाडीत पायाशी एलईडी पट्ट्या लावताना ‘लोड जास्त होतो, म्हणून रिले टाकायचा’ असं कारण सांगतात. हॉर्न आणि हेडलाइटच्या बाबतीत ते खरं आहे. इथे हिशेब करून बघू. पुढच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर आणि मागे २० सेंटिमीटरचे दोन तुकडे, अशी एकूण १ मीटर पट्टी लागते. ५०५० प्रकारच्या, मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीवर १४.४ वॅट प्रति मीटर लिहिलेलं असतं. १२ व्होल्टला हा प्रवाह १.२ ॲम्पिअर झाला. रिलेची कॉइलच, म्हणजे ते वेढ्यांचं रीळ, १५० मिलिॲम्पिअरच्या आसपास खाते. म्हणजे नुसत्या लोडसाठी इथे ३० ॲम्पिअरच्या रिलेची काहीच गरज नाही.

गरज पडते ती दुसऱ्या कारणासाठी. रात्री पार्किंग लाइट लावले की आतले दिवे आपोआप लागावेत, अशी बहुतेकांची इच्छा असते. पण बऱ्याच नव्या गाड्यांत पार्किंग लाइटची वीज बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा छोटा संगणक सोडतो आणि त्या वाटेवर किती प्रवाह जातो यावर लक्षही ठेवतो. त्या तारेवर सरळ १.२ ॲम्पिअरचा बोजा टाकला तर मॉड्यूल ती लाइन बंद करू शकतं, डॅशबोर्डच्या मीटरवर चुकीचा इशारा दाखवू शकतं आणि पट्टीत शॉर्ट झाला तर त्याचा फटकाही मॉड्यूललाच बसतो. रिले लावला की मॉड्यूलकडून फक्त इशारा घेतला जातो आणि वीज येते स्वतंत्र फ्यूजमधून. नुसते किल्लीसोबत लागणारे दिवे हवे असतील, तर ॲक्सेसरी लाइनवर फ्यूज आणि बटण लावूनही काम भागतं. तिथे रिलेचा आग्रह धरू नये.

रिलेच्या पायांवरचे आकडे डीआयएन ७२५५२ या जर्मन मानकातून आले आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी कायमची वीज, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ८७ म्हणजे रिले ओढल्यावर वीज मिळणारा पाय. पाच पायांच्या रिलेत ८७ए हा आणखी एक पाय असतो आणि रिले बंद असताना ३० त्याला जोडलेला असतो. एलईडी पट्टीची तार चुकून ८७ए ला लागली तर गाडी बंद केल्यावर दिवे पेटतात. रात्रीच्या आठ तासांत साधारण १० ॲम्पिअर-तास जातात, आणि छोट्या हॅचबॅकची बॅटरी असते ३५ ॲम्पिअर-तासांची. सकाळी स्टार्टर रडतो तो यामुळे. काही पाच पायांच्या रिलेत मधला पायही ८७ च असतो, त्यामुळे पायाशेजारचा आकडा वाचूनच तार लावावी.

मीटरने तपासायच्या जागा आधी शोधून ठेवाव्यात आणि मग, जोडणीला हात घालण्याआधी, बॅटरीचं ऋण टोक काढावं. आधी धन टोक काढायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, तर सरळ शॉर्ट होतो. ऋण काढल्यावर काही मिनिटं थांबावं, कारण एअरबॅगच्या सर्किटमधला साठा ओसरायला वेळ लागतो. पिवळ्या आवरणाच्या आणि पिवळ्या कनेक्टरच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना जोड काढणं तर सोडाच, मल्टिमीटरही (व्होल्ट आणि ॲम्पिअर मोजणारा मीटर) लावू नये. तार शोधायला बल्बचा टेस्टरसुद्धा वापरू नये. त्याचा प्रवाह मॉड्यूलच्या नाजूक लाइनला भारी पडू शकतो.

फ्यूज बॉक्समध्ये कायम वीज असलेली जागा शोधून तिथे फ्यूज टॅप (जुन्या फ्यूजच्या जागी बसून नव्या तारेसाठी दुसऱ्या फ्यूजची वाट काढणारा जोड) बसवावा आणि वरच्या खाचेत ३ ॲम्पिअरचा जांभळा फ्यूज टाकावा. टॅप उलटा बसला तर नव्या दिव्यांचा प्रवाह जुन्या फ्यूजमधूनही जातो, म्हणून आधी मीटरने दोन खाचांपैकी बॅटरीकडची कोणती ते पाहावं. टॅपमधून ०.७५ चौरस मिलिमीटरची तार ३० ला जाते. इशाऱ्याची तार स्टिरिओच्या मागच्या कनेक्टरवर मिळते: पार्किंग लाइट लावले की जिथे १२ व्होल्ट येतात आणि बंद केले की शून्य होतात, ती. बाजारातल्या स्टिरिओच्या तारांत ती सहसा नारिंगी असते, पण कंपनीच्या वायरिंगचे रंग वेगळे असतात, तेव्हा मीटरचंच ऐकावं. तिथून १ ॲम्पिअरचा फ्यूज, मग बटण, मग ८६. उरलेला ८५ बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला.

या इशाऱ्याच्या तारेत एक खोच आहे. मीटरवर १२ ऐवजी ७-८ व्होल्ट दिसले आणि डॅशबोर्डचा प्रकाश कमी-जास्त केल्यावर आकडा हलला, तर ती लाइन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असण्याची शक्यता मोठी. मीटर त्याची सरासरी दाखवतो. अशा लाइनवर रिले घुरघुरतो, ठिपक्यांमध्ये सतत ठिणगी पडते आणि ते जळतात. तिथे ॲक्सेसरीची तार घ्यावी. किल्लीसोबत दिवे लागतील आणि दिवसा बटणाने बंद ठेवता येतील.

कॉइलचा प्रवाह तोडताना तिचं चुंबकत्व कोसळतं आणि तिच्या टोकांवर क्षणभर शंभरहून अधिक व्होल्टचा झटका तयार होतो. तो इशाऱ्याच्या तारेतून मागे मॉड्यूलपर्यंत जाऊ नये म्हणून आत डायोड असलेला रिले घ्यावा किंवा ८५-८६ वर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावावा, पांढऱ्या रेघेचं टोक ८६ कडे. उलटा लावला तर बटण दाबताच फ्यूज उडतो. दिव्याच्या तीन पायांच्या बटणातही हाच घोळ होतो. त्यातला वेगळ्या, पितळी रंगाचा पाय सहसा अर्थचा असतो. अर्थ आणि लोड यांची अदलाबदल झाली की बटण सरळ शॉर्ट करतं.

आता पट्ट्या. त्या अनेकदा दोन-तीन महिन्यांत लुकलुकायला लागतात आणि दोष दिला जातो ‘चायना माला’ला. खरं कारण पट्टीवरच लिहिलेलं सापडतं. दर तीन दिव्यांमागे प्रवाहाला आवर घालणारे काळे बारीक रेझिस्टर असतात, बहुधा ‘१५१’ असा आकडा असलेले, म्हणजे १५० ओहमचे. तीन पांढरे दिवे मिळून साधारण ९.६ व्होल्ट घेतात. १२ व्होल्टला रेझिस्टरवर उरतात २.४, म्हणून प्रवाह १६ मिलिॲम्पिअर. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (बॅटरी भरणारं जनित्र) गाडीत १४.४ व्होल्टपर्यंत देतो. आता रेझिस्टरवर ४.८ व्होल्ट, म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्शाने वाढला आणि प्रवाह दुपटीजवळ गेला! प्रवाहासोबत एलईडीचा स्वतःचा व्होल्टेजही थोडा चढतो, त्यामुळे प्रत्यक्षात तो २८ मिलिॲम्पिअरच्या आसपास थांबतो. एलईडीची मर्यादा साधारण २० ची. रेझिस्टर तिप्पट तापतो, त्या उष्णतेने एलईडी आणखी कमजोर होतात आणि उन्हात उभ्या गाडीत तर पट्टीमागचा गोंदही सुटतो.

उपाय स्वस्त आहे. ८७ आणि पट्टी यांच्यामध्ये एलएम२५९६ वर चालणारं व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल बसवावं आणि त्यावरचा बारीक पितळी स्क्रू फिरवून, मीटर लावून, ११ व्होल्ट जुळवावेत. प्रवाह १०-११ मिलिॲम्पिअरवर येतो आणि प्रकाश मंद होतो, रात्री तो तसाच हवा. या मॉड्यूलला आत येणारा व्होल्टेज दीड व्होल्टने जास्त लागतो. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ च्या आसपास असते, त्यामुळे ११ नेमके बसतात.

रंगाचंही तसंच. अंधारात बघायला मदत करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. डोळा पुरता अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि निळ्या पट्टीचं काचेतलं प्रतिबिंब ती मेहनत वाया घालवतं. केशरी किंवा लालसर रंग घ्यावा आणि पट्टी अशी लपवावी की सीटवर बसल्यावर एकही दिवा थेट दिसणार नाही.

अर्थसाठी डॅशबोर्डखालचा १० नंबरच्या पान्याचा बोल्ट निवडून, खालचा रंग खरवडून, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आवळावं आणि वर व्हॅसलीन चोपडावं. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडी जागा लवकर गंजते. तपासायला दिवे लावून बॅटरीचं ऋण टोक आणि हा बोल्ट यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर जोड पुन्हा साफ करावा. रिले कार्पेटखाली ठेवू नये. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी तिथेच मुरतं. डॅशबोर्डखाली उंचावर, पाय जमिनीकडे करून बसवावा, म्हणजे पाणी होल्डरमध्ये साचणार नाही. तारांचे जोड टी-टॅपने (तारेवर चिमटून बसणाऱ्या जोडाने) न करता क्रिंप करावेत, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करावेत, आणि त्यावर हिट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळणारी नळी) चढवावी. टी-टॅपचं पातं तारेचे काही धागे कापतं आणि गाडीच्या हादऱ्यांनी उरलेलेही तुटतात.

शेवटची तपासणी गाडी लॉक करून. बॅटरीचं ऋण टोक काढून मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत, मालिकेत, म्हणजे ऋण टोक आणि त्याची तार यांच्यामध्ये, लावावा आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावं. या काळात किल्ली फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. आकडा साधारण ५० मिलिॲम्पिअरच्या आत यायला हवा. मग नवा ३ ॲम्पिअरचा फ्यूज काढून परत लावून बघावा. रिले बंद असताना ३० पासून पुढे काहीही जोडलेलं नसतं, म्हणून आकडा जराही हलता कामा नये. हललाच, तर सर्वांत आधी ८७ए बघावा.