धनुर्वात, पोलिओ आणि मेरुरज्जूचा लगाम

मेंदूज्वराचा संशय आला की डॉक्टर पाठीतले पाणी काढून तपासायला सांगतात, आणि घरच्यांच्या मनात पहिली धास्ती येते ती सुई मेरुरज्जूला लागून पाय कायमचे लुळे पडण्याची. मेरुरज्जू नेमका कुठे संपतो हे समजले की ही धास्ती बरीच कमी होते. बोलताना आपण पाठीचा कणा आणि मेरुरज्जू एकच धरतो. प्रत्यक्षात कणा मणक्यांचा, म्हणजे हाडांचा, आणि त्याच्या पोकळीतून खाली उतरणारा मेरुरज्जू मऊ चेतापेशींचा व चेतातंतूंचा. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दोघांची लांबी जवळजवळ सारखी असते. पुढे हाडे भराभर वाढतात आणि मेरुरज्जू मागे पडतो. मोठ्या माणसात तो साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो, आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पाण्यात तरंगणाऱ्या चेतामुळांचा नुसता झुपका असतो. दिसतोही घोड्याच्या शेपटासारखा, आणि त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही तोच. सुई कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या खाली टोचतात, तिथे मेरुरज्जू नसतोच.

मेरुरज्जूचा आडवा छेद घेतला तर मधोमध करड्या रंगाचे फुलपाखरू पंख पसरून बसल्यासारखे दिसते आणि त्याच्याभोवती पांढरा भाग असतो. पांढऱ्या भागातून मेंदूकडे जाणारे आणि मेंदूकडून येणारे लांब तंतू धावतात, तर करड्या भागात पेशींची वस्ती असते. फुलपाखराच्या मागच्या पंखांत स्पर्श, वेदना, ताण यांच्या खबरा येऊन पोहोचतात. पुढच्या पंखांत स्नायूंना आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या प्रेरक चेतापेशी असतात. चेतांच्या एकूण ३१ जोड्या मेरुरज्जूतून निघतात आणि प्रत्येक चेतेला मागचे व पुढचे अशी दोन मुळे असतात. या कामाच्या वाटणीचा माग १८११ मध्ये चार्ल्स बेल यांनी काढायला सुरुवात केली, आणि १८२२ मध्ये फ्रान्स्वा माजांदी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून ती स्पष्ट दाखवली: मागची मुळे कापली की संवेदना जाते, पुढची कापली की हालचाल जाते.

मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचवणारी तार, एवढीच मेरुरज्जूची ओळख अनेकांना असते. ती मला अपुरी वाटते, कारण हालचालीतला फार मोठा निवाडा मेरुरज्जूतच होतो. शेतातून अनवाणी चालताना बाभळीचा काटा टाचेत रुतला, तर पाय आधी उचलला जातो आणि कळ नंतर जाणवते. काट्याची खबर मागच्या मुळाने आत शिरते, मधल्या संयोजी पेशींना भेटते आणि त्या एकाच वेळी अनेक कामे करतात. त्या पायाला दुमडणाऱ्या स्नायूंच्या प्रेरक पेशींना चेतवतात, त्याच पायाला ताठ करणाऱ्या स्नायूंच्या पेशींना गप्प बसवतात, आणि दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ करतात, नाहीतर माणूस तोंडावर आपटेल. यातले गप्प बसवणे सर्वांत कमी लक्षात येते. दुमडणारे आणि ताठ करणारे स्नायू दोघेही जोर लावू लागले तर पाय लाकडासारखा होईल, हलणार नाही. चार्ल्स शेरिंग्टन यांनी या परस्पर-रोधाचा बारकाईने अभ्यास केला. १९३२ च्या नोबेल पुरस्काराचे ते एक मानकरी होते. हालचालीचा कोणताही हुकूम, मेंदूकडून आलेला असो की टाचेकडून, अखेर प्रेरक पेशीतूनच बाहेर पडतो, म्हणून तिला त्यांनी अंतिम समाईक मार्ग म्हटले.

चेतवणे आणि आवरणे ही या कामाची दोन अंगे. आपल्याकडच्या दोन जुन्या रोगांनी ती जितकी उघड केली तितकी क्वचितच कशाने केली असतील.

पोलिओचा विषाणू बहुतेकांच्या आतड्यांतूनच निघून जातो, पण ज्या थोड्या मुलांत तो मेरुरज्जूत शिरतो तिथे नेमक्या पुढच्या पंखांतल्या प्रेरक पेशी मारतो. म्हणून पोलिओने वाळलेल्या पायाला टाचणी टोचली तर ती व्यवस्थित कळते, मात्र पाय मागे घेता येत नाही. खबर येते, निवाडाही होतो, पण बाहेर पडायची वाटच मोडलेली असते. वाचलेल्या शेजारच्या पेशी आपल्या तंतूंना नवे फाटे फोडून पोरक्या झालेल्या काही स्नायुतंतूंचा ताबा घेतात, आणि कित्येक मुलांच्या पायांत पुढच्या महिन्यांत थोडी ताकद परतते ती बरीचशी यामुळे. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावड्यात सापडला.

धनुर्वातात नेमके उलटे घडते. जखमेत शिरलेले जंतू एक विष तयार करतात. ते प्रेरक तंतूंतून उलट दिशेने चढत मेरुरज्जूत पोहोचते, पण प्रेरक पेशीला मारत नाही. तिला आवरणाऱ्या शेजारच्या पेशींमध्ये शिरून ते त्यांच्याकडून सुटणारी रोधक रसायने अडवते. लगाम सुटलेले सगळे स्नायू एकदम ओढू लागतात. जबड्याचे स्नायू बहुधा आधी सापडतात, म्हणून दातखीळ बसते. पुढे पाठीचे बलवान स्नायू पोटाच्या स्नायूंवर मात करतात आणि शरीर धनुष्यासारखे वाकते. ज्यांनी या रोगाला नाव दिले त्यांनी तो फार जवळून पाहिला असला पाहिजे. कोकणातल्या काजऱ्याच्या बियांतले विषही त्याच लगामावर घाला घालते, फक्त त्याची तऱ्हा वेगळी: रोधक रसायन सुटते, पण प्रेरक पेशीला ते घेता येत नाही.

धनुर्वाताच्या रुग्णाला शांत, मंद उजेडाच्या खोलीत ठेवतात ते याचसाठी. दार आपटले, कुणी अंगावरची चादर ओढली, तरी ती एवढीशी खबर न आवरलेल्या पेशींवर जाऊन आदळते आणि सगळे अंग पुन्हा ताठते. पेशींना चिकटलेले विष औषधाने काढता येत नाही. त्या नवी टोके फुटून पुन्हा आवरू लागेपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि तोवर श्वास चालू ठेवणे, झटके औषधांनी दाबणे आणि खोलीत आवाज होऊ न देणे, एवढेच शुश्रूषा करणाऱ्यांच्या हाती असते.