शेअर घेतले की कारखाना घेतला?

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत किंवा महाडला एखाद्या कारखान्याच्या गेटवरची पाटी बदलली की दोन दिवसांत एकच बातमी पसरते: कंपनी विकली. टपरीवर तीच चर्चा, खेर्डीतल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये तीच, कामगारांच्या बसमध्येही तीच. मग प्रश्न सुरू होतात. नोकरी राहणार का? अडकलेलं बिल कोण देणार? गेल्या वर्षी घेतलेल्या पंपाची वॉरंटी नवा मालक मानेल का? या प्रश्नांना सरसकट उत्तर देताच येत नाही, कारण या बातमीमागे दोन अगदी वेगळे व्यवहार असू शकतात. एकात कंपनीचे शेअर विकले जातात. दुसऱ्यात कंपनी जिथल्या तिथे राहते आणि तिचा कारखाना किंवा धंद्याचा एखादा भाग तेवढा विकला जातो. बाहेरून दोन्हींत पाटीच बदलताना दिसते. आत मात्र हक्क आणि जबाबदाऱ्या वेगवेगळ्या दिशेने जातात.

फरक ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे पैसे कोणाला मिळाले ते पाहणं. शेअर विकले तर पैसे जुन्या भागधारकांच्या खात्यात जातात. कंपनीच्या तिजोरीत त्यातला एक रुपयाही येत नाही आणि तिच्या अंगावरचं काही उतरतही नाही. तिची कर्जं, तिच्यावरचे खटले, तिचे परवाने, तिचे कामगार, तिने घेतलेल्या ऑर्डरी, सगळं तिचंच राहतं. कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे आणि ती व्यक्ती बदललेली नाही. कारखाना विकला तर पैसे विकणाऱ्या कंपनीला मिळतात. मशिनरी, शेड, ऑर्डर बुक, कधी ब्रँडचं नाव, यातलं करारात जेवढं लिहिलं असेल तेवढंच पलीकडे जातं. जे लिहिलेलं नाही ते जुन्या कंपनीकडे उरतं. ही जुनी कंपनी नंतर कधी कधी दोन-चार वर्षं नुसती कागदावर जगते. तिच्याकडून ज्यांचं येणं आहे त्यांनी तिच्यावर नजर ठेवायलाच हवी.

यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या या दोन्ही वाटांनी वाढतात. लोट्याच्या ओळखीतलंच उदाहरण घेऊ. इथल्या रासायनिक कारखान्यांत ग्लासलाइन रिअॅक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया करायचं काचेच्या अस्तराचं भांडं, नवीन नाही. बाहेरून जाड पोलादी भांडं दिसतं, पण मॅनहोलमधून टॉर्च मारली की आतली गडद निळी, चकचकीत काच दिसते. हायड्रोक्लोरिक अॅसिडसारख्या द्रव्यापुढे साधं पोलाद टिकत नाही, ही काच टिकते. मात्र पान्याचा एक घाव तिला पुरतो. म्हणून शटडाउनमध्ये स्पार्क टेस्ट होते. उच्च दाबाच्या विजेचा ब्रश काचेवरून फिरवतात आणि जिथे बारीक छिद्र असेल तिथे ठिणगी पडते. छिद्र लहान असेल तर टँटलमचा प्लग बसवून काम भागतं. नुकसान मोठं असेल तर भांडं उतरवून पुन्हा काच चढवायला भट्टीवर पाठवावं लागतं. त्यामुळे रिअॅक्टर बनवणारी कंपनी कोणाच्या हातात गेली, ही प्लँट मॅनेजरच्या दृष्टीने पेपरातली लांबची बातमी नसते.

या धंद्यातली जीएमएम फॉडलर ही मूळची गुजरातची. १९६२ मध्ये गुजरात मशिनरी मॅन्युफॅक्चरर्स म्हणून सुरू झाली, आणंदजवळच्या करमसदला तिचा कारखाना आहे. काचेच्या अस्तराचं तंत्र ज्या फॉडलर कंपनीने जगभर नेलं, ती पुढे हिच्यात भागीदार झाली आणि नंतर बहुसंख्य भागधारकही. २०२० मध्ये जीएमएम फॉडलरने दोन खरेद्यांची घोषणा केली. पहिली हैदराबादच्या नाचारममधली, डी डायट्रिक या स्पर्धक नावाचा कारखाना. तिथे भट्टी, शेड, यंत्रं घेतली. दुसरी खरेदी मोठी होती, खुद्द फॉडलरच्या आंतरराष्ट्रीय व्यवसायातला बहुसंख्य हिस्सा. तो व्यवहार २०२१ च्या सुरुवातीला पूर्ण झाला. ज्या नावाची ही भारतातली उपकंपनी, त्याच नावाचा जगभरचा पसारा हिच्या ताब्यात आला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. पण इथे मुद्दा असा की हैदराबादेत कारखाना आला आणि दुसऱ्या खरेदीत आख्ख्या कंपन्या आल्या, त्यांच्या करारांसकट, देण्यांसकट, देशोदेशीच्या कामगारांसकट.

आपल्याकडच्या जुन्या नावांनीही शेअरची वाट धरलेली आहे. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली, पुण्याच्या थरमॅक्सने २०१० मध्ये डेन्मार्कची डॅनस्टोकर घेतली. दोन्ही ठिकाणी जुनं नाव कायम ठेवलं. तिकडच्या गिऱ्हाइकाचा त्या नावावर विश्वास असतो आणि त्या विश्वासाचेच निम्मे पैसे मोजलेले असतात.

शेअर घेतले की भूतकाळही घ्यावा लागतो. त्याची किंमत किती होऊ शकते हे एबीबीने भोगलं. या स्वीस-स्वीडिश कंपनीने १९९० मध्ये अमेरिकेतली बॉयलर बनवणारी कम्बस्चन इंजिनीअरिंग विकत घेतली. त्या कंपनीच्या जुन्या बॉयलरांवर उष्णतारोधक म्हणून अॅस्बेस्टॉस वापरलेलं होतं. त्याचे तंतू श्वासातून गेले की फुप्फुसाचे आजार होतात, तेही कित्येक वर्षांनी. दावे हजारोंनी आले. ज्या बॉयलरांना एबीबीने कधी हातही लावला नव्हता त्यांचे दावे तिच्या दारात आले, कारण ती कंपनीच तिने घेतलेली होती. २००३ मध्ये कम्बस्चन इंजिनीअरिंगला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, आणि प्रकरण मिटवण्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहा. २००० मध्ये कम्बस्चनकडून आलेला अणुऊर्जेचा व्यवसाय ब्रिटिश न्यूक्लिअर फ्युएल्सने एबीबीकडून घेतला. व्यवसाय गेला, अॅस्बेस्टॉसचं लचांड एबीबीच्याच गळ्यात राहिलं.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण कोकणाला शिकवायला नको. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या वीज प्रकल्पाला लोक आजही एन्रॉनच म्हणतात. हा प्रकल्प उभारणाऱ्या दाभोळ पॉवर कंपनीत अमेरिकेच्या एन्रॉनबरोबर जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल भागीदार होते. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवीच कंपनी स्थापन झाली आणि तिने प्रकल्पाची मालमत्ता ताब्यात घेतली. टर्बाइनं तीच, जेटी तीच, कंपनी वेगळी. दाभोळ पॉवरचे शेअर घेतले असते तर तिची सगळी भांडणं बरोबर आली असती. परदेशी भागीदारांचे दावे वेगळे मिटवावे लागले. पण यंत्रं स्वच्छ कागदावर आली म्हणून चांगली होत नाहीत. बंद पडलेल्या टर्बाइनची दुखणी नव्या मालकालाच काढावी लागतात.

परवानग्यांच्या बाबतीत शेअरची वाट बरीच सोपी. कंपनी तीच, म्हणून फॅक्टरी लायसन्स, प्रदूषण मंडळाची संमती, जीएसटी नोंदणी चालू राहते. नाव किंवा संचालक बदलले तर तेवढी दुरुस्ती करून घ्यायची. डीमॅट शेअरच्या हस्तांतरणावर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के, म्हणजे नाममात्र. कारखाना घ्यायचा तर एमआयडीसीच्या भूखंडापासून सुरुवात होते. तो भूखंड मालकीचा नसतो, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो. हस्तांतरणाला महामंडळाची परवानगी लागते, त्याचं शुल्क लागतं, वर मुद्रांक शुल्क. शेअर मोठ्या प्रमाणात हातबदल झाले तरी भाडेपट्ट्याच्या अटी वाचाव्याच लागतात. चालू धंदा आख्खा, एकरकमी विकला तर जीएसटी लागत नाही. मशिनं सुटी सुटी विकली तर लागतो. आणि आवारात जमिनीत काही मुरलं असेल तर ‘आम्ही फक्त कारखाना घेतला’ एवढं म्हणून वाशिष्ठी नदीकाठच्या माणसाचं समाधान होणार नाही. होऊही नये.

कामगारांसाठी फरक सर्वांत मोठा. शेअर विकले गेले तर मालक कंपनी तीच, नोकरी सलग चालू, म्हणून भरपाईचा प्रश्नच येत नाही. कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला तर मालक खरोखर बदलतो. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५ एफएफने त्यासाठी स्पष्ट तरतूद केली होती. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला नोटीस आणि कामगार कपातीसारखी भरपाई, म्हणजे प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. यातून सूट मिळवायची तर नव्या मालकाने तीन गोष्टी मानायला हव्यात. सेवेत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी वर्षंही मोजायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच तत्त्व ठेवलं आहे. भविष्य निर्वाह निधीची जुनी थकबाकी असेल तर जुना आणि नवा मालक दोघेही जबाबदार धरले जातात. नव्या मालकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती. कंत्राटी कामगारांना मात्र यातलं फारसं काही मिळत नाही, कारण कागदावर त्यांचा मालक कंत्राटदार असतो. आपल्या वसाहतींत असे कामगार किती आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कंपनी विकायच्या बोलण्यात त्यांचं नाव कुठेच येत नाही. मला हे फार खटकतं.

आता वाढीच्या आकड्यांविषयी, कारण आजकाल शेअर बाजारात पैसे घालणारी मंडळी चिपळूण-रत्नागिरीतही कमी नाहीत. समजा, शंभर कोटींची विक्री असलेल्या कंपनीने साठ कोटींची विक्री असलेली दुसरी कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी एकत्रित विक्री एकशे पासष्ट कोटी दाखवली. मथळा येईल, ६५ टक्के वाढ. धंदा खरोखर वाढला तो पाच कोटींनी, १६० वर ५, म्हणजे जेमतेम तीन टक्के. खरेदी वर्षाच्या मध्यावर झाली असेल तर पहिल्या वर्षात काहीच महिन्यांची विक्री मोजली जाते आणि दुसऱ्या वर्षीही आकडा आपोआप फुगतो. शिवाय उपकंपनीत हिस्सा ५४ टक्के असला तरी एकत्रित हिशोबात तिची विक्री शंभर टक्के धरतात, इतर भागधारकांचा वाटा खाली नफ्यातून वेगळा दाखवतात. नुसता कारखाना घेतला तर वेगळी उपकंपनी नसतेच. त्याची विक्री थेट मूळ कंपनीच्या स्वतंत्र आकड्यांत मिसळते आणि घरच्या मेहनतीची वाढ वाटते. म्हणून एकत्रित आणि स्वतंत्र, दोन्ही हिशोब शेजारी ठेवून वाचावेत. ‘गुडविल’ची ओळही बघावी. मालमत्तेच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त मोजलेले पैसे तिथे बसलेले असतात, आणि घेतलेला धंदा चालला नाही तर तेच पुढे तोट्यात लिहावे लागतात.

छोट्या पुरवठादाराने यापलीकडे न जाता दारात आलेलं पत्र नीट वाचलं तरी पुष्कळ. ‘आमचं नाव आता अमुक’ असं पत्र आलं की जुना आणि नवा जीएसटी क्रमांक एकाखाली एक लिहा. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. ती दहा अक्षरं तीच असतील तर कंपनी तीच आहे. नाव बदललं असेल, भागधारक बदलले असतील, तुमचं जुनं बिल तिच्याकडेच मागायचं. ती बदलली असतील तर समोरचा खरेदीदार वेगळा आहे. मग जुन्या खात्यात नवीन बिल टाकू नका, नवी पर्चेस ऑर्डर मागा. जुनी थकबाकी कोण देणार, हे दोन्ही कंपन्यांकडून लेखी घ्या. ज्याने पैसे द्यायचे आहेत त्याला तुमच्या संमतीशिवाय आपलं देणं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येत नाही. ‘ते नवीन लोक बघतील’ असं कोणी फोनवर सांगितलं तर त्यावर अवलंबून राहू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर पंचेचाळीस दिवसांच्या मुदतीत पैसे मिळण्याचा हक्क ज्याने माल घेतला त्याच्याविरुद्ध असतो, हेही त्याच पत्रात नमूद करा आणि पोच घ्या. कामगारांना अशीच खूण पीएफच्या पासबुकात सापडते. यूएएन क्रमांक तोच राहतो, पण खाली आस्थापनेचा कोड बदललेला दिसला तर मालक बदलला असण्याची शक्यता मोठी. त्या दिवशी एचआरकडे जाऊन विचारायचं ते एवढंच: माझी जुनी वर्षं नेमणूकपत्रात लिहून देणार की भरपाई देणार?