शॉर्टकट (संगणक व स्मार्टफोन)

मेनू उघडून किंवा माउस फिरवून करायचे काम एक-दोन कळांत अथवा बोटाच्या एका ठरावीक हालचालीत उरकण्याची सोय. मराठीत इंग्रजी शब्दच रुळला आहे. रविवार कारंज्याची गर्दी टाळून गल्लीबोळांतून काढलेल्या वाटेलाही नाशिककर शॉर्टकटच म्हणतात.

कट, कॉपी आणि पेस्ट या क्रियांना आजचे रूप लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात दिले. पुढे ॲपलच्या लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांवर त्यासाठी एका खास कळेबरोबर (विंडोजवर कंट्रोल) दाबायच्या एक्स, सी, व्ही या कळा आल्या. केलेले उलटवायला शेजारची झेड. चारही कळा डाव्या हाताखाली, एका ओळीत. सी सोडली तर अक्षराचा क्रियेच्या नावाशी संबंध नाही, सगळा हिशेब बोटांच्या सोयीचा. भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर सीच्या जागी ‘म’ आणि व्हीच्या जागी ‘न’ येतो, पण विंडोजमध्ये मराठी टंकताना भाषा न बदलता त्याच कळा चालतात.

भिंतीवर यादी चिकटवून शॉर्टकट हातात बसत नाहीत. दिवसात पन्नास वेळा लागतात तेवढेच बसतात, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात धंद्यागणिक ते वेगळे आहेत. एफ-८ हीच कळ घ्या. पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्याकडे ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीचे व्हाउचर उघडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आराखडे काढण्याच्या ऑटोकॅडवर ती रेषेला आडव्या-उभ्या दिशेतच धरून ठेवते. विंडोज ७ पर्यंतच्या मशीनवर दुरुस्तीवाला संगणक चालू होताना तीच दाबत असे, सेफ मोडसाठी, म्हणजे मोजक्याच गरजेच्या गोष्टींवर संगणक सुरू करण्यासाठी.

लिलाव झाल्यावर व्यापाऱ्याच्या गाळ्यावर ऑपरेटर टॅलीत एफ-९ दाबून खरेदीची नोंद घालू लागतो आणि शेतकऱ्याचे नाव यादीत सापडत नाही. नवखा एस्केप दाबत दाबत बाहेर पडतो, नवे खाते उघडतो आणि नोंद पुन्हा पहिल्यापासून घालतो. सरावलेला जागेवरच ऑल्ट-सी दाबतो, नाव टाकतो, कंट्रोल-ए दाबून खाते पक्के करतो आणि अर्धी राहिलेली नोंद तिथून पुढे ओढतो. तोवर वजनाच्या काटापट्ट्या हातात धरून मागे माणसे खोळंबलेली असतात. एक्सेलमध्ये आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम, बेरजेला ऑल्ट आणि बरोबरचे चिन्ह, एवढ्या दोहोंवर कित्येक कार्यालये वर्षानुवर्षे निभावून नेतात.

विंडोज कळ आणि व्ही एकत्र दाबले की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. ही सोय २०१८ पासून विंडोज १० मध्ये आली. ती एकदा चालू करावी लागते आणि तीत २५ नोंदी राहतात. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत ती फार कामाची आहे, पण गिऱ्हाईकाचा आधार क्रमांकही त्या यादीत पडून राहतो. तिथे दिवसाअखेर यादी पुसणे आणि उठताना विंडोज-एल दाबून पडदा कुलूपबंद करणे हेही शॉर्टकटइतकेच हाताला लागायला हवे.

स्मार्टफोनवर सर्वांत उपयोगी शॉर्टकट मजकुराचा: दोन-तीन अक्षरे टंकावीत आणि पूर्ण वाक्य उमटावे. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. ‘स.न.वि.वि.’ लिहून ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ वाचायची आणि ‘मु.पो., ता., जि.’ यांत अख्खा पत्ता बसवायची सवय पत्रांच्या काळापासूनची आहे. मोडी लिपीत तर लेखणी न उचलता भरभर लिहिण्यासाठी अक्षरांनाच वळण दिलेले होते. फरक इतकाच की पूर्वी संक्षेप वाचणारा उलगडत असे, आता फोन उलगडतो.

आयफोनवर संक्षेपानंतर जागा सोडली की मजकूर आपोआप बदलतो; गूगलच्या जीबोर्ड या कळफलकावर वैयक्तिक शब्दकोशात घातलेला मजकूर सूचनापट्टीत दिसतो आणि त्यावर बोट ठेवावे लागते. आयफोनवर ‘ना’ म्हणजे ‘नाशिक’ असे कोणी ठरवून ठेवले, की बहिणीला ‘लवकर ये ना’ लिहिताना ‘लवकर ये नाशिक’ जाते. म्हणून जाणकार संक्षेपाला शेपूट लावतात: ‘ना१’, ‘पत्ता२’.