जुन्या गाडीच्या इंजिनाचा आवाज : ग्राहकांसाठी माहिती

गाडी जुनी झाली की आवाज करणारच, असे समजून काही ग्राहक महिनोन्महिने ती तशीच चालवतात. काही जण पहिल्याच खडखडाटाला इंजिन उतरवावे लागणार, या धास्तीने आमच्याकडे येतात. आवाज कसा आहे हे आम्हाला ऐकून कळते, पण तो नेमका केव्हा येतो हे रोज गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि निदान बहुतेक वेळा त्यावरच ठरते. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर, आणि उभ्या गाडीत रेस वाढवली की तो जलद होतो का, हे कृपया आधी पाहून ठेवावे. उभ्या गाडीत रेस वाढवूनही तो येत नसेल आणि केवळ चालताना वेगाबरोबर वाढत असेल, तर दोष इंजिनाऐवजी चाकाच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव असतो.

इंजिनाच्या वरच्या भागातून येणारी बारीक, एकसारखी टिकटिक बहुधा टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागाची असते. झडपा हलवणारा कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे ही टिकटिक इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने संथ असते, आणि सरावलेल्या कानाला तेवढीच खूण पुरते. मात्र एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेले तरी जवळजवळ असाच आवाज येतो. इंजिन तापून धातू प्रसरण पावला की फट मिटते आणि आवाज कमी होतो. टॅपेट दोनदा सेट करूनही टिकटिक थांबली नाही म्हणून आलेल्या गाडीत आम्ही प्रथम मॅनिफोल्डच्या सांध्याकडे बघतो. तिथे काजळीचा काळा पट्टा उमटलेला असला, तर टॅपेटला हात लावण्याची गरजच नसते.

सकाळी गाडी सुरू करताच येणारी पोकळ ठकठक काही मिनिटांत विरत असेल, तर ती बहुधा झिजलेल्या पिस्टनची असते, आणि अशी गाडी ऑइलवर लक्ष ठेवून बराच काळ चालू शकते. बेल्टची किंचाळी कर्कश असली तरी सहसा बेल्ट ताणून किंवा बदलून दूर होते.

खरी काळजी करावी ती खालच्या भागातून येणाऱ्या जड ठोक्यांची. चढावर किंवा गाडीवर ताण येताच ते वाढत असतील, तर पिस्टन क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. त्यातच ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी ओढूनच आणावी. ‘एवढे अंतर जाईल’ असे म्हणून चालवलेल्या गाडीचा क्रँकशाफ्टही खराब होतो आणि बेअरिंगवर भागणारे काम कितीतरी वाढते.

आवाज दबावा म्हणून ठरलेल्यापेक्षा घट्ट ऑइल किंवा बाटलीतील औषध घालू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. त्याने झीज भरून येत नाही, उलट आमच्या हातातली खूण तेवढी नाहीशी होते. ऑइल मात्र जरूर तपासावे. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, म्हणजे डिपस्टिक, पुसून पुन्हा बुडवावी.

आवाज केवळ थंड इंजिनात येत असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी आमच्याकडे ठेवावी. सकाळी चालवत आणलेली गाडी दारात पोहोचेपर्यंत तापलेली असते आणि तो आवाज आम्हाला ऐकायलाच मिळत नाही.